दिसणारे पान, ऐकू येणारे पान

१/ कोणताही दस्तऐवज कोणत्याही संगणकावर हुबेहूब दिसावा, ही कल्पना ‘अ‍ॅडोबी’चे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली ‘कॅमलॉट’ या टिपणात मांडली. १९९३ मध्ये तिला पीडीएफचे रूप लाभले.

२/ पानावर टीप डकवण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत होती. पोथीच्या समासातील टिपांचा जुना रिवाज अशा रीतीने पडद्यावर आला. दृष्टिहीन वाचकाचा विचार मात्र मागाहून झाला. फाइलला अक्षराची जागा ठाऊक असे. शीर्षक कोणते, आधी वाचायचे काय, हे ठाऊक नसे. दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळून वाचल्या जाण्याचा धोका त्यातूनच उद्भवला.

३/ २००१ मध्ये पीडीएफ १.४ सोबत ‘टॅग’ आले. शीर्षक, परिच्छेद, तक्ता यांची ओळख आणि वाचनाचा क्रम फाइलमध्येच नोंदवता येऊ लागला. २०१२ मध्ये ‘पीडीएफ/यूए’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले.

४/ मराठीपुढे आणखी एक अडसर राहिला. युनिकोडपूर्व फॉन्टमधील पान डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते; स्क्रीन रीडरला तेथे बहुधा रोमन अक्षरांची निरर्थक रांग आढळते. नुसते स्कॅन केलेले पान तर त्याच्या लेखी केवळ चित्र. अशा ग्रंथांचे युनिकोडमध्ये रूपांतर होईपर्यंत ते दृष्टिहीन वाचकासाठी मिटलेलेच राहतात.