अँटेना-क्लॅम्प (भिंगार)

घराबाहेरची बिनतारी अँटेना, डिश किंवा रेडिओपेटी खांबाला अथवा भिंतीला आवळून धरणारी धातूची पकड. यू-बोल्ट, दातेरी पट्टी, वॉशर व नट हे तिचे मुख्य भाग. प्रस्तुत नोंद अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेल्या भिंगार या छावणीच्या गावाला धरून केली आहे.

स्थान व हवामान : भिंगार दख्खनच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. कोकणातल्या खाऱ्या हवेच्या मानाने येथे लोखंड सावकाश गंजते. अँटेनाला खरा धोका एप्रिल-मेमधील वळवाच्या वाऱ्याचा आणि विजेचा.

इतिहास : १९४८पासून नगरला चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४मध्ये सुरू झाले. रणगाड्याची काठीसारखी अँटेना स्प्रिंगच्या बुडावर वाकू दिली जाते. घरावरची अँटेना मात्र तसूभरही हलता कामा नये.

दिशा : ५.८ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या ६० सेंमी व्यासाच्या डिशचा झोत सुमारे ६ अंश रुंद असतो. ती ३ अंश फिरली की मिळणारी शक्ती निम्मी होते. १० किमीवर झोताचा मध्य सुमारे ५२० मीटर बाजूला सरकलेला असतो. दूरचित्रवाणीच्या तेवढ्याच छत्रीला दीड अंशच पुरतो. म्हणून पावसात चित्र गेले की दोष ढगांना देण्याआधी क्लॅम्प तपासावा.

वाऱ्याचा भार : भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये पुणे व नाशिक येथे मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. भिंगारसाठीही तोच धरल्यास दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो, आणि ६० सेंमीच्या भरीव डिशवर जवळपास ३० किलोचा रेटा पडतो. खांब भिंतीला धरणाऱ्या दोन ब्रॅकेटांपैकी वरच्यापासून डिश १ मीटर उंच असून ब्रॅकेटांत ३० सेंमी अंतर असेल, तर वरच्या ब्रॅकेटवर १३० किलो ओढ येते. अंतर ६० सेंमी केल्यास ८० किलो. ब्रॅकेट दूरदूर बसवणे हा मजबुतीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जोडणी : खांबाला मध्यम जाडीचा, निळ्या पट्ट्याचा जीआय पाईप घ्यावा, पिवळ्या पट्ट्याचा हलका पाईप क्लॅम्पखाली चेपतो. खांब ओळंब्यात उभा करावा. यू-बोल्ट पाईपच्या मापाचाच हवा. मोठा घेऊन मध्ये रबर कोंबू नये. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे पट्टीचे दात पाईपवर सारखे बसतात. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. स्प्रिंग वॉशर वगळू नये. पिवळसर चकचकीत मुलाम्याच्या बोल्टावर जस्ताचा थर पातळ असतो. गरम जस्तात बुडवलेला बोल्ट अधिक टिकतो. स्टेनलेस पट्टा व यू-बोल्ट यांपैकी चांगले काय, याबाबत कारागिरांत मतभेद आहेत.

भिंत : अर्ध्या विटेच्या कठड्यावर भरवसा ठेवू नये. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत फास्टनर दरजेत धरत नाही. तेथे बोल्ट आरपार नेऊन मागे लोखंडी पट्टी द्यावी.

वीज व केबल : खांबाला अर्थिंग द्यावे. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली वळसा द्यावा, म्हणजे पाणी आत येत नाही.

परवाना : २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८मध्ये ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. छावणी हद्दीतील बांधकामे छावणी अधिनियम, २००६ खाली येतात. खांब उभारण्यापूर्वी छावणी परिषदेकडे चौकशी करावी.

देखभाल : वर्षातून दोनदा, वळवापूर्वी आणि दसऱ्याच्या सुमारास, नट पान्याने तपासावेत. पाईप व पट्टीवर रंगाची एकच उभी रेघ मारून ठेवल्यास डिश फिरली की रेघ तुटलेली दिसते. खांब पडलाच, तरी विजेच्या तारेला शिवणार नाही इतक्या, म्हणजे त्याच्या पूर्ण लांबीहून अधिक अंतरावर तो उभारावा. हा नियम बाकी सर्व सूचनांच्या आधी पाळावा.