इब्राहिमखान गारदी

अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या रणांगणावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं भोसले व शिंदे यांच्या ३८ तोफा वेल्स्लीच्या हातीं लागल्या, ही हकीकत वऱ्हाडांत बहुतेकांस ठाऊक असते. पण कवायती पायदळ आणि त्याच्या तोफा वऱ्हाडनें त्यापूर्वीं सेहेचाळीस वर्षें पाहिल्या होत्या. आणि त्यांचा नायक पुढें पानिपतावर मराठ्यांसाठीं पडला. तो इब्राहिमखान गारदी होय.

ही विद्या मूळची फ्रेंचांची. निजामाच्या दरबारीं बुसीनें हिंदी शिपायांच्या ज्या पलटणी तयार केल्या, त्यांत इब्राहिमखान घडला. रांग न मोडतां चालावें, हुकुमासरशीं एकदम बार काढावा, तोफा पायदळाच्या जोडीनें पुढें न्याव्या, असा तो शिरस्ता होता. ‘गारदी’ हा शब्दहि फ्रेंचांकडूनच आलेला. बुसीला सोडल्यावर त्याला निजामअल्लीनें ठेवून घेतलें. वऱ्हाडचा सुभा तेव्हां निजामअल्लीकडे असून एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, हें त्याचें मुख्य ठाणें. डिसेंबर १७५७ मध्यें सिंदखेडास विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांशीं निजामअल्लीचा सामना झाला, त्या वेळीं इब्राहिमखान निजामअल्लीच्या बाजूस होता. मराठे जिंकले.

पुढें दोन वर्षांनीं निजामअल्लीनें त्याला दूर केलें आणि सदाशिवरावभाऊनें त्याला पदरीं घेतलें. हें धाडसच म्हटलें पाहिजे; कारण १७५९ सालींच मुजफ्फरखान या दुसऱ्या गारद्यानें भाऊवर मारेकरी घातला होता. तथापि भाऊची पारख चुकली नाहीं. फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीरच्या मोहिमेंत याच तोफा जुन्या धन्यावर चालल्या, आणि सुमारे ६० लक्षांचा मुलूख पेशव्यांस मिळाला. ऑक्टोबरांत कुंजपुरा पडला, तोहि मुख्यतः त्यांच्याच बळावर.

मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांस मात्र तोफांच्या आश्रयानें बांधून लढणें मानवत नव्हतें. गनिमी काव्यावर वाढलेल्या माणसांचा हा आक्षेप पोकळ नव्हता. अवजड तोफखाना आणि बायकापोरें बरोबर असतां पळती लढाई करतां येत नाहीं, आणि रसद तुटली कीं बसती लढाईहि करतां येत नाहीं. भाऊचें सैन्य याच पेंचांत सांपडलें.

गारद्यांचा आणखी एक दोष लोक काढीत : ते पगारासाठीं हटून बसतात. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित लढाईच्या वेळीं जवळच होता. तो लिहितो कीं, १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं खानानें स्वतःच भाऊजवळ ही गोष्ट काढली. पगाराच्या तगाद्यानें आपण रागावत होतां, या महिन्याचा तर मिळालाहि नाहीं, पण आज आम्ही आपलें काम करून दाखवूं, असें सांगून तो निघाला. दोन पलटणी बगलेच्या रक्षणास ठेवून सात पलटणींनिशीं तो संगिनी रोखून रोहिल्यांवर गेला. समोर स्वधर्मीय होते. त्याचें पाऊल अडलें नाहीं. रोहिल्यांची फळी खिळखिळी झाली, पण त्याच्याहि बहुतेक पलटणी तेथेंच कापल्या गेल्या.

खान जखमी होऊन शुजाच्या माणसांच्या हातीं सांपडला. शुजा त्याला वांचवूं पाहत होता; पण दुराण्यांनीं गलबला करून त्याची मागणी केली, आणि शेवटीं त्याला अबदालीच्या वजिराच्या हवालीं करावें लागलें. आठवड्याच्या आंत तो तेथें मरण पावला.