दिवा आणि चेहरा यांच्या मधलं कापड



फोटो स्टुडिओत कधी पाऊस पडत नाही, तरी तिथे छत्र्या उघडून ठेवलेल्या असतात. काळ्या कापडाचे मोठाले खोके असतात, त्यांच्या तोंडाला पांढरं कापड ताणलेलं असतं. भिंतीला थर्माकोल टेकवलेला असतो. आपण स्टुलावर बसतो, 'मान थोडी डावीकडे' असं ऐकतो, फोटो निघतो आणि पैसे देऊन घरी येतो. ही छत्री कशाला, हा खोका कशाला, हे आपण विचारत नाही. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट एकशेऐंशी वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात यंत्रांइतकंच कापडही आहे. ती ऐकायची एवढ्यासाठी, की दिवा आणि चेहरा यांच्या मधे काय धरायचं हे जो ठरवतो, तोच आपण फोटोत कसं दिसायचं हेही ठरवत असतो.

सुरुवात उन्हापासून झाली. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं, पण त्याला उजेड फार लागायचा. माणसाला भर उन्हात, न हलता, बराच वेळ बसवावं लागे. डोळ्यांतून पाणी येई, कपाळाला आठ्या पडत. मार्च १८४१ मध्ये रिचर्ड बिअर्ड यांनी लंडनमध्ये रॉयल पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर फोटोचा स्टुडिओ उघडला. तिथे त्यांनी छताला निळी काच बसवली. त्या काळचा पत्रा प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या उजेडालाच दाद देत असे. निळ्या काचेतून पत्र्याला हवा तो उजेड मिळायचा आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरची तिरीप मात्र कमी व्हायची. दिवा आणि चेहरा यांच्या मधे काहीतरी धरण्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. तो 'दिवा' म्हणजे साक्षात सूर्य होता, एवढंच.

या निळ्याच्या ओढीचा एक परिणाम आपल्या घरातल्या जुन्या फोटोंतही सापडतो. पणजीच्या फोटोत तिचं कुंकू काळं दिसतं, ते का? ती काळं कुंकू लावत होती म्हणून नव्हे. जुन्या काचेला तांबडा रंग दिसतच नसे, म्हणून तांबडं ते काळं उमटे. पिवळंही गडद येई आणि आकाशी लुगडं मात्र जवळजवळ पांढरं दिसे. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीत तांबूस-पिवळ्या छटा असतात. त्यामुळे ती डोळ्यांना दिसते त्याहून जास्त काळी उमटायची. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञांनी काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून ही उणीव दूर करण्याची वाट दाखवली. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला मात्र १९०६ उजाडलं. तोवरचे आपल्या आज्या-पणज्यांचे फोटो पाहताना हे लक्षात ठेवायला हवं. तो रंग त्यांचा नाही, त्या काचेचा आहे.

पुढे काचेवर लेप लावून फोटो काढायची रीत आली आणि काचेच्या छपराचे स्टुडिओ शहराशहरांत उभे राहिले. छपराचा उतार शक्यतो उत्तरेकडे ठेवत. युरोपात उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा शांत उजेड येतो. चित्रकार तो पूर्वीपासून वापरत होते. काचेखाली दांड्या बसवलेल्या असत आणि त्यांवर पातळ पांढरे आणि जाड गडद असे दोन प्रकारचे पडदे सरकत. फोटोग्राफर काठीने पडदे मागेपुढे करी. एका बाजूचा उघडला की गालावर उजेड, डोक्यावरचा ओढला की डोळ्यांखालची सावली कमी. सावलीच्या बाजूला पांढऱ्या कापडाची चौकट उभी केली की तिथेही थोडा उजेड परते. आजच्या स्टुडिओतल्या वस्तू नव्या वाटतात, पण पांढऱ्या पडद्याचं काम सॉफ्टबॉक्स करतो आणि चौकटीचं काम थर्माकोल. दिवे बदलले, हे तत्त्व मात्र तेच राहिलं.

ही विद्या मुंबईत फार लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी फोटोग्राफर. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. आपल्याकडची अडचण लंडनच्या उलट होती. तिथे धुकं, इथे ऊन जास्त. शिवाय मे ते जुलै या काळात मुंबईत भर दुपारी सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकतो. म्हणजे उत्तरेच्या छपरातूनही ऊन आत येणार. पुस्तकात लिहिलेली दिशा इथे पुरत नव्हती, पडद्यांवरच भिस्त ठेवावी लागे.

पण बायकांसाठी खरा प्रश्न उजेडाचा नव्हता, नजरेचा होता. पडदा पाळणाऱ्या घरातली स्त्री परक्या पुरुषासमोर बसणार कशी? राजा दीनदयाळ यांनी यावर उपाय काढला. मीरतजवळच्या सरधना इथे जन्मलेले, रुरकीला शिकलेले आणि इंदूरला नोकरी केलेले हे फोटोग्राफर निजामाच्या दरबारी मान पावले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही मोठा स्टुडिओ उघडला. त्याआधी, १८९२ मध्ये, त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. तो श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाई चालवत आणि मदतीलाही बायकाच असत. भोवती उंच भिंती होत्या. बाहेरची नजर अडवायची आणि उजेड तेवढा आत घ्यायचा. जनानखान्यातल्या स्त्रिया तिथे मोकळेपणाने कॅमेऱ्यासमोर बसू शकल्या. पुढे विसाव्या शतकात कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त यांनी घरोघरी जाऊन स्त्रियांचे फोटो काढले आणि त्यावर संसार चालवला. कॅमेऱ्यामागे बाई असणं ही त्या काळी चैन नव्हती. ती नसेल तर समोरच्या बाईचा फोटोच निघत नव्हता.

घरातल्या उजेडावर स्त्रियांनी किती मोठं काम केलं, याची दोन उदाहरणं इंग्लंडमधली आहेत. लेडी क्लेमेंटिना हॉवर्डन यांनी लंडनच्या आपल्या घरातच, खिडकी आणि आरसा यांच्या भरवशावर, वयात येणाऱ्या मुलींचे फोटो काढले. दुसऱ्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन. त्यांचा जन्म कलकत्त्याचा. मुलीने आणि जावयाने भेट दिलेला कॅमेरा हाती आला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांनी आपलं कोंबड्यांचं खुराडं काचेची खोली म्हणून वापरायला घेतलं. त्या काळचे धंदेवाईक फोटोग्राफर चेहऱ्यावर सगळीकडून सारखा उजेड पाडत. कॅमेरॉनबाई बहुतेक पडदे ओढून घेत आणि एकाच बाजूने उजेड येऊ देत. अर्धा चेहरा सावलीत जाई, पण माणूस मात्र पुरता दिसे. समकालीनांनी नावं ठेवली, आज मात्र जगातल्या मोठ्या संग्रहालयांत ते फोटो आहेत.

मग आला विजेचा दिवा. पॅरिसच्या नादार यांनी १८६१ मध्ये कृत्रिम उजेडात फोटो काढण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. त्यांना लगेच कळलं, की उघडा दिवा चेहऱ्यावर धरला तर माणूस भुतासारखा दिसतो. गाल पांढरेफटक आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी. म्हणून त्यांनी उजेड परतवणारे पांढरे पृष्ठभाग वापरले. १८७७ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर हेन्री व्हान डेर वाइड यांनी विजेवर चालणारा स्टुडिओ उघडला. त्यांचा दिवा मोठ्या, परातीसारख्या खोलगट परावर्तकात बसवलेला होता. आता धुकं असो की रात्र, फोटो निघू लागला. आजच्या स्टुडिओत 'ब्युटी डिश' नावाची पांढरी परात दिसते, ती याच कुळातली. तिच्यात मधोमध एक छोटी तबकडी असते. ती दिव्याचा थेट झोत अडवते आणि परातीवरून उसळलेला उजेड तेवढा बाहेर पडतो.

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पेटणारी पूड आली. उजेड भरपूर, पण धूर आणि भाजण्याची भीतीही तितकीच. १९२९-३० च्या सुमारास काचेच्या बंद गोळ्यातले फ्लॅशबल्ब आले आणि त्यानंतर विजेचे फ्लॅश. क्षणभरच पेटणाऱ्या या दिव्यांनी एक सोय केली. ते जुन्या दिव्यांसारखे तापत राहत नसल्याने त्यांच्यापुढे कापड लावणं सोपं झालं. १९६० च्या दशकात स्टुडिओतल्या छत्र्या लोकप्रिय झाल्या आणि पुढच्या दोन दशकांत कापडी सॉफ्टबॉक्स. घडी घालून पिशवीत भरता येतात, म्हणून लग्नाच्या मांडवापर्यंतही ते पोचले.

आता यामागचं साधं गणित सांगतो. चेहऱ्याला उजेड केवढ्या आकाराच्या जागेतून येतो, यावर सावली ठरते. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य, पण इतका लांब, की आपल्याला थाळीएवढा दिसतो. म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी पडते. ढगाळ दिवशी सगळं आभाळच दिवा होतं, सावली विरघळून जाते. छत्री आणि सॉफ्टबॉक्स हेच करतात, छोट्या दिव्याला आभाळ बनवतात. मात्र ते जवळ हवेत. मोठी छत्रीही लांब नेली की चेहऱ्याच्या दृष्टीने ती लहानच. आणि अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो.

छत्री स्वस्त, पण तिचा उजेड खोलीभर सांडतो. लहान खोलीत, रंगवलेल्या भिंती असतील तर भिंतीचा रंग गालावर उतरतो. सॉफ्टबॉक्सचा उजेड आवरलेला असतो, हवा तिथेच पडतो. त्याच्या तोंडाला मधाच्या पोळ्यासारखी कापडी जाळी लावली तर आणखी आवरतो. ब्युटी डिशने गालाची आणि हनुवटीची ठेवण उठून दिसते, पण सुरकुत्याही दिसतात. चंदेरी कापड उजेड जोरात परतवतं, पांढरं हळुवारपणे. आणि काळं कापड उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे गोल चेहऱ्याला कड मिळते. वस्तू चांगली किंवा वाईट नसते, समोर कोण बसलंय त्यावर ती ठरते.

इथेच आपला मुद्दा येतो. रंगीत फोटोंच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यात एक गोरी बाई असे. तिची कातडी नीट दिसली की यंत्र नीट लागलं, असं मानलं जाई. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी यावर संशोधन केलं. तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार ज्यांची ऐकली गेली, त्यांत लाकडी फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले होते, असं त्यांनी नोंदवलं आहे. सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांचा नंबर नंतर लागला.

आपल्याकडे शर्ली कार्ड भिंतीवर नसलं तरी मनात असतं. मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो असला की घरचेच सांगतात, 'जरा उजळ येऊ द्या.' मग फोटोग्राफर समोरून सपाट उजेड मारतो, गरजेपेक्षा जास्त. नाक, गाल, हनुवटी सगळं एका पातळीवर येतं. चेहरा गोरा होत नाही, पुसला जातो. पाहायला आलेल्या माणसांसमोर मग फोटोतली मुलगी वेगळी आणि दारातली वेगळी, आणि त्याचं ओझं त्या मुलीनेच वाहायचं.

सावळ्या कातडीला जास्त उजेड लागतो हा समज आहे. तिला मोठा उजेड लागतो. सावळी कातडी उजेड कमी परतवते, त्यामुळे तिच्यावरची चकाकी जास्त उठून दिसते. उघडा छोटा दिवा मारला तर कपाळावर आणि नाकावर पांढरे ठिपके पडतात. तोच उजेड मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, जरा बाजूने आणि जवळून आला तर ती चकाकी गालाच्या वळणावर पसरते आणि चेहऱ्याला तांब्याच्या घासलेल्या कळशीसारखी झळाळी येते. सावळेपण झाकण्याची गोष्ट उरत नाही, तेच फोटोचं सौंदर्य होतं.

हे घरीही करून पाहता येतं. ऊन नसलेल्या खिडकीपाशी बसा, खिडकी एका बाजूला ठेवा. ऊन येत असेल तर पांढरं धोतर किंवा जुनी पातळ साडी ताणून बांधा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा आणि चादर जवळ-लांब करत सावली कशी बदलते ते पाहा. चष्मा चमकत असेल तर मान किंचित खाली करा. आणि वरचा ट्यूबलाइट बंद करायला विसरू नका.

ज्या मैत्रिणी स्टुडिओ काढायचा विचार करताहेत, त्यांनी आधी महागडा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. एक दिवा, एक मोठा सॉफ्टबॉक्स आणि एक पांढरा-काळा पडदा, एवढ्यावर धंदा उभा राहतो. आणि आपण समोर बसलो असू, तेव्हा पैसे आपण देतो हे लक्षात ठेवावं. 'उजळ करा' असं कुणी आपल्या वतीने सांगण्याआधी आपणच सांगावं, की दादा, दिवा जवळ घ्या, बाजूला घ्या, आणि मी आहे तशी येऊ द्या.