वलंदेजांची वखार आणि दुभाष्यांची घराणी

जुन्या मराठी कागदपत्रांत हॉलंडच्या लोकांस 'वलंदेज' म्हटलेले आढळते. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आला, हे गोव्यातील वाचकांस सांगावयास नकोच. वेंगुर्ल्यास त्यांच्या वखारीचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करण्यासाठी सतराव्या शतकात आदिलशाही मुलुखात वलंदेजांनी तेथे बस्तान बसविले होते. ते फार काळ टिकले नाही. पण त्याच कंपनीने आशियाच्या पूर्व टोकास, जपानात, घातलेली वखार अडीचशे वर्षे तग धरून राहिली. कंपनी बुडाली, तरी वखार राहिली. हा प्रकार मुळातून पाहण्याजोगा आहे.

आमच्या पिढीने शाळेत शिकलेला जपानचा इतिहास थोडक्यात असा : दारे लावून झोपलेला देश, १८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी आपली आगबोटींची टोळी घेऊन आला आणि जपान खडबडून जागा झाला. हे चित्र सोयीचे आहे, पण खरे नाही. दार लावलेले होते. त्यास एक झरोका मात्र जाणूनबुजून ठेवलेला होता, आणि झरोक्यापाशी माणसे अहोरात्र जागी होती.

आरंभ अपघातानेच झाला. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून निघालेल्या पाच जहाजांपैकी 'लीफ्ड' हे एकच १६०० साली क्युशू बेटास लागले, तेही मूठभर अर्धमेल्या खलाशांसह. दोन वर्षांनी हॉलंडात संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६०९ मध्ये तिच्या जहाजांस तोकुगावा इएयासूकडून व्यापाराचा परवाना मिळाला आणि हिरादो येथे वखार पडली. पुढे ख्रिस्ती धर्मप्रसाराचा धसका घेऊन शोगुनांनी १६३९ मध्ये पोर्तुगीजांस हाकलून दिले. वलंदेजही ख्रिस्तीच; पण आम्ही व्यापारी, धर्माशी आम्हांस कर्तव्य नाही, असे ते सांगत आणि तसे वागतही. हिरादोच्या नव्या दगडी कोठारावर ख्रिस्ती सनाचा आकडा कोरलेला दिसला, तेव्हा इमारती पाडण्याचा हुकूम सुटला. वखारीचा मुख्य फ्रांस्वा कारों याने अवाक्षर न काढता लगेच पाडकाम सुरू केले. (हाच कारों पुढे फ्रेंचांच्या चाकरीत शिरला आणि १६६८ मध्ये सुरतेस त्यांची वखार त्यानेच थाटली. माणूस हिशेबी खरा.)

१६४१ मध्ये वलंदेजांस नागासाकी बंदरातील देशिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर आणून ठेवले. क्षेत्रफळ सुमारे दीड हेक्टर. शहराशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकावयाचे नाही, प्रार्थना उघडपणे करावयाची नाही, बायकामुले आणावयाची नाहीत. आणि या तुरुंगवजा जागेचे भाडे मात्र दरसाल चांदीत मोजावयाचे. वखारीचा मुख्य एका वर्षाने बदलला पाहिजे, असाही दंडक होता. प्रतिवर्षी त्याने एडोस, म्हणजे आजच्या तोक्योस, जाऊन शोगुनापुढे गुडघे टेकावयाचे. १६९१ मध्ये वखारीचा जर्मन डॉक्टर केंफर या स्वारीत होता. त्यास दरबारी मंडळींच्या करमणुकीसाठी गावे आणि नाचावे लागले.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकर व्यापाऱ्यांविषयीचे प्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांस येथे नवल वाटेल. हे लोक वरकड सावकारांसारखे नव्हेत, यांना समुद्रकिनारी बळकट जागा देऊ नये, आपल्या नजरेखाली ठेवावे, अशी त्या मुत्सद्द्याची शिकवण. अमात्यांना देशिमाची वार्ता असण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे जे कागदावर राहिले, ते जपानी अंमलदारांनी दोन शतके अक्षरशः चालविले.

एवढा अपमान कंपनीने का गिळला? त्याचे उत्तर प्रथम चांदी आणि पुढे तांबे. १६६८ मध्ये चांदीच्या निर्यातीवर बंदी आल्यावर जपानी तांब्याच्या कांबी जहाजे भरभरून निघू लागल्या, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. सुरत, कोरोमंडल किनारा, बंगाल येथे हे तांबे विके. त्याची नाणी पडत, भांडी घडत. उलट दिशेस बंगालचे रेशीम आणि आपल्याकडील छापील सुती कापड जपानात जाई. पुढे जपाननेच तांब्यास आणि जहाजांच्या संख्येस मर्यादा घातली : १७१५ पासून वर्षास दोन जहाजे, १७९० पासून एकच. नफा आटत गेला.

परंतु आमच्या मते या संबंधाचा खरा आधार ना कंपनीचे संचालक, ना शोगुन. तो आधार म्हणजे नागासाकीची दुभाष्यांची घराणी. योशिओ, मोतोकी, नाराबायाशी, निशी अशा घराण्यांत हे काम बापाकडून मुलाकडे जाई. थोरला, धाकटा, उमेदवार अशा पायऱ्या होत्या. पोरवयात शिकाऊ म्हणून लागलेला माणूस वखारीच्या दारातच म्हातारा होई. उन्हाळ्यात बटाव्हियाहून जहाज आले की वखारीच्या मुख्याकडून जगाच्या बातम्या ऐकून त्यांचा जपानी मसुदा करावयाचा आणि तो एडोस रवाना करावयाचा, हे त्यांचे वार्षिक कर्तव्य. आमची उभी हयात सरकारी दप्तरात गेल्यामुळे असल्या अहवालांविषयी आम्हांस जरा अधिक जिव्हाळा आहे, हे कबूल. वरिष्ठांस काय सांगावे, काय सौम्य करावे, याचा तोल हे लोक नेमका साधत. फ्रान्समधील राज्यक्रांतीची वार्ता १७९४ मध्ये याच वाटेने शोगुनाच्या कचेरीत पोहोचली.

बातम्यांमागून विद्या आली. १७२० मध्ये परकी ग्रंथांवरील निर्बंध सैल झाले. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू, माएनो र्योताकू आदी वैद्य एका देहान्त झालेल्या गुन्हेगाराचे शवविच्छेदन पाहण्यास हाती डच शरीरशास्त्राचा ग्रंथ घेऊन गेले. चित्रे प्रेताशी तंतोतंत जुळली. परंपरागत चिनी आकृत्या जुळल्या नाहीत. कोश नाही, व्याकरण नाही, एकेका वाक्यास अख्खा दिवस, अशा रीतीने त्यांनी १७७४ मध्ये त्या ग्रंथाचे भाषांतर छापले. आणि गंमत पाहा, 'साकोकू', म्हणजे कुलूपबंद देश, हा शब्दही दुभाष्याच्या पेशातून आलेल्या शिझुकी तादाओ याने १८०१ मध्ये घडविला, तो केंफरच्या निबंधाच्या डच प्रतीवरून भाषांतर करताना! देश बंद आहे हे सांगणारा शब्दसुद्धा त्या उघड्या झरोक्यातूनच आत आला.

१७९९ अखेर कंपनी कर्जात बुडून संपली. त्यानंतर युरोपातील लढायांत हॉलंडच काही काळ नकाशावरून पुसले गेले आणि जावा इंग्रजांनी घेतले. १८०९ नंतर आठ वर्षे बटाव्हियाहून डच जहाज आले नाही. वखारीचा मुख्य हेंड्रिक डूफ याने तेथेच ठाण मांडले. रॅफल्सने जहाजे पाठवून वखार मागितली. डूफने ती दिली नाही. निशाण फडकत राहिले आणि वखारीच्या माणसांच्या पोटापाण्याची सोय नागासाकीच्या अंमलदारांनी केली. व्यापार ठप्प असलेल्या त्या वर्षांत डूफ दुभाष्यांस घेऊन डच-जपानी शब्दकोश रचीत बसला. तो गेल्यावर दुभाष्यांनी १८३३ मध्ये कोश पुरा केला. नफ्याच्या एका पैशावाचून झालेले हे काम आम्हांस कंपनीच्या साऱ्या तांब्याहून वजनदार वाटते.

पुढील घडामोडी सर्वश्रुत आहेत. १८४४ मध्ये हॉलंडच्या राजाने शोगुनास पत्र लिहून दार उघडण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला नाही. १८४९ मध्ये बटाव्हियाहून आलेल्या लशीने देवीचे टोचणे यशस्वी झाले. पहिल्या मुलांत नाराबायाशी घराण्यातील एक होता. अमेरिकेचे आरमार येणार, ही आगाऊ सूचना १८५२ च्या जहाजाने दिली होती. पेरी आला तेव्हा त्याच्याशी पहिली बोलणी झाली ती डच भाषेतूनच.

फुकुझावा युकिची हा तरुण ओसाकाच्या ओगाता कोआन यांच्या शाळेत डूफचा कोश उलगडीत डच शिकला होता. १८५९ मध्ये नुकतेच खुले झालेले योकोहामा पाहण्यास तो एडोहून पायी गेला. दुकानांवरील एकही पाटी त्यास वाचता येईना. सारा कारभार इंग्रजीत. कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात गेली असे वाटून तो खिन्न होऊन परतला. दुसऱ्याच दिवशी त्याने इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला, आणि त्यासाठी शोध सुरू केला तो डच-इंग्रजी शब्दकोशाचा.