फलन

लाइब्निट्सने १६७३ साली वक्ररेषांच्या विवेचनात योजिलेला ‘फुंक्तिओ’ हा लॅटिन शब्द, कामगिरी बजावणे या अर्थाच्या धातूपासून निघालेला असून, ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात त्याला चल व अचल यांनी घडलेल्या राशीचा अर्थ दिला. आपल्या परिभाषेने मात्र ‘फल्’ हा धातू पत्करून क्रियेऐवजी निष्पत्तीला मान दिला, आणि ही निवड मला अत्यंत समर्पक वाटते. कारण डिरिश्लेने १८३७ मध्ये एकाच सूत्राची सक्ती रद्द करून जी अट बहाल ठेवली, ती निष्पत्तीचीच होय: प्रत्येक मूल्याला एक आणि एकच फल. ३ व उणे ३ या दोहोंचा वर्ग ९ येतो, त्यास हरकत नाही. परंतु ९ वरून माघारी येणाऱ्यापुढे दोन वाटा फुटतात, म्हणून ऋण संख्या वर्ज्य केल्यावाचून वर्गाचे व्यस्त फलन सिद्ध होत नाही.