माती धुणारी झाडं आणि वालधुनीकाठचा पालक

आज थोडा इतिहास, पण आपल्याच मातीतला.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. ते उभं आहे वालधुनीच्या काठावर. ही नदी काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरातून निघते आणि अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला खाडीकडे जाते. इंग्रजांच्या काळात जीआयपी रेल्वेने पाण्यासाठी तिच्यावरच काकोळ्याला बांध घातला.

मग दिवस पालटले. महायुद्धात इथे लष्कराची छावणी पडली, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला छावणीचं उल्हासनगर झालं. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. पुढे अंबरनाथ-बदलापूरला रसायनांचे कारखाने वाढले, उल्हासनगरात जीन्स रंगवायचे-धुवायचे. नदीचा नाला झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्री नदीत रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाचा निकालही आला.

पण शेतीला पाणी ते पाणीच. बारमाही, वर सांडपाण्यातलं नत्र फुकट. म्हणून नाल्याकाठी, रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळा डोलत राहिला.

आता दुसरी गोष्ट. १५८३ साली इटलीत सेसाल्पिनो नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने लिहून ठेवलं की एक झुडूप ठरावीक काळ्या खडकावरच उगवतं. कारण कळायला १९४८ उजाडलं: त्याच्या वाळलेल्या पानांत पाऊण टक्क्याच्या आसपास निकेल निघालं! १९८३ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातले रुफस चॅनी यांनी विचार मांडला, की अशी झाडं लावून, कापून, उचलून नेली तर जमीन साफ होईल. १९९० नंतर या कामासाठी शिसं, कॅडमियम ओढायला जिचे भरपूर प्रयोग झाले ती कोण? आपली मोहरी.

इथेच मेख आहे. झाडाला कळत नाही की आपल्याला भाजी म्हणून लावलंय की सफाईला. कॅडमियम ओढायला पालेभाज्या पटाईत. म्हणजे जिथे मातीत कॅडमियम आहे, तिथे पालकाने माती धुवायचं काम केव्हाच सुरू केलंय. फक्त कापणी बाजारात जाते, आणि तिथून पोरांच्या ताटात.

मग मोहरी लावून जमीन साफ होईल का? हिशोब करू. एकराची वरची सहा इंच माती साधारण आठ लाख किलो. किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम जास्त असेल तर एकरात ८०० ग्रॅम झालं. समजा पिकाचा वाळलेला पाला ४ टन आणि त्यात किलोला १० मिलिग्रॅम, तर एका कापणीत निघालं ४० ग्रॅम. म्हणजे २० कापण्या! तेही नाल्याचं पाणी आधी बंद झालं तर. नाहीतर एका हाताने उपसायचं आणि दुसऱ्याने भरायचं. शिवाय कापलेला पाला गुरांना नको, खताच्या खड्ड्यात नको, जाळायलाही नको. त्याची विल्हेवाट कोण लावणार, हे आधी ठरवा.

तोवर हातातलं काय? आपली कोकणातली जमीन आंबट, आणि आंबट मातीत कॅडमियम जास्त मोकळं होतं. सामू तपासून चुना आणि कुजलेलं शेणखत दिलं तर ते बऱ्यापैकी जखडून राहतं. पालेभाजीऐवजी फुलं, बांबू घेता येतात. बांधावर, नाल्याच्या कडेला वाळा लावा, तो धातू बहुतेक मुळांतच धरून ठेवतो. पण मंडळी, त्या वाळ्याची मुळं माठातल्या पाण्यात टाकायची नाहीत!

आणि एक. जमीन आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू वगैरे. कॅडमियम आणि शिसं त्यात नाही. पत्रिका चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. सांडपाण्यावरची जमीन असेल तर जड धातूंची तपासणी वेगळी मागून घ्या. हिरवागार पालक म्हणजे चांगली माती, असं नसतं.