मोटारींच्या जत्रा का ओसरल्या? झाडीपट्टीच्या पटावरून एक विचार

आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकात मोटार आहे आणि शंकरपटही आहे, म्हणून काहींना हा विषय जुळवून आणलेला वाटेल. पण इतिहासाच्या अंगानं पाहिलं तर दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. वाहन बघायला माणसं लांबून एका जागी का जमतात? आणि मग एखाद्या दिवशी ती जमायची का थांबतात? जिनिव्हानं या प्रश्नाचं एक उत्तर दिलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीनं दुसरं दिलं. आज आपण दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी जिनिव्हा. तिथलं मोटार प्रदर्शन १९०५ पासूनचं. जगातल्या पहिल्या पाचांत त्याचं नाव घेतलं जायचं. २०२० साली करोनामुळे ते उघडायच्या अवघ्या काही दिवस आधी रद्द झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा भरलं, पण मोठ्या कंपन्यांपैकी फार थोड्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आयोजकांनी सांगून टाकलं, की आता हे प्रदर्शन कायमचं बंद. फ्रँकफुर्टचं प्रदर्शन २०१९ नंतर तिथून उठलं आणि २०२१ ला म्युनिकला गेलं. टोकियोनं २०२३ ला नावातून ‘मोटर’ शब्दच काढला, आता ते ‘मोबिलिटी शो’ आहे. डेट्रॉइटचं प्रदर्शन जानेवारीतून सप्टेंबरात गेलं आणि तिथून परत जानेवारीत आलं.

करोनानं मारलं, असं सहज म्हटलं जातं. ते पुरतं खरं नाही. कंपन्या त्याच्या आधीपासूनच गळत होत्या. करोनानं फक्त एवढं दाखवून दिलं, की प्रदर्शन एक-दोन वर्षं भरलं नाही तरी गाड्या विकायच्या थांबत नाहीत.

मुळात ही प्रदर्शनं कशासाठी सुरू झाली? पॅरिसला १८९८ साली ट्विलरी बागेत पहिलं मोठं मोटार प्रदर्शन भरलं. त्याची एक अट आपण नीट ऐकण्यासारखी आहे. जी गाडी मांडायची, तिनं आधी पॅरिसहून व्हर्सायला जाऊन स्वतःच्या बळावर परत यायचं. तेव्हाच तिला आत जागा. कारण त्या काळी लोकांचा मोटारीवर विश्वासच नव्हता. घोड्याशिवाय गाडी चालते का, चालली तर परत येते का, हीच शंका होती. म्हणजे आधी धाव आणि मग मांडणी, असा क्रम होता.

पुढं मोटार घरोघरी माहीत झाली आणि धावून दाखवायची गरज संपली. राहिली ती मांडणी. फिरता चबुतरा, दिवे, पडदा ओढायचा क्षण. तरीही या मांडणीकडे तीन मोठी कामं होती. एक, बातमी कळणं: नवं काय आलं ते इथंच समजायचं. दोन, तुलना: दहा कंपन्यांच्या गाड्या एका छपराखाली, दार उघडून, आत बसून बघता यायच्या. तीन, भेटीगाठी: सुटे भाग करणारा, विक्रेता, पत्रकार, गिऱ्हाईक हे सगळे एका जागी सापडायचे.

आपल्या देशात ‘ऑटो एक्स्पो’ १९८६ साली दिल्लीच्या प्रगती मैदानावर सुरू झाला. त्याचा सगळ्यात गाजलेला दिवस म्हणजे १० जानेवारी २००८. त्या दिवशी रतन टाटांनी नॅनो दाखवली. इथं एक आठवण आपल्या भागाची. या टाटा घराण्याच्या पोलादाच्या स्वप्नाची सुरुवात आपल्या चांद्यापासून झाली. १८८२ साली जमशेटजींच्या वाचनात एका जर्मन भूवैज्ञानिकाचा चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजावरचा अहवाल आला. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही आणि कारखाना शेवटी दूर जमशेदपूरला झाला. असो. नॅनोच्या अनावरणाला जगभरचे पत्रकार आले होते. तेवढी गर्दी, तेवढं कौतुक क्वचित कुणाच्या वाट्याला आलं असेल. आणि तरी दहा वर्षांत त्या गाडीचं उत्पादन थांबलं. प्रदर्शनात टाळ्या मिळणं आणि बाजारात गिऱ्हाईक मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसलं.

ऑटो एक्स्पो २०१४ ला ग्रेटर नोएडाला गेला. २०२३ च्या एक्स्पोला महिंद्रासारखी मोठी देशी कंपनीच नव्हती. तिनं २०२० ला नवी थार १५ ऑगस्टला आपल्या स्वतःच्या कार्यक्रमात लोकांपुढं आणली होती. हिशेब सोपा होता. प्रदर्शनात गेलं तर दहा जणांत आपण एक. आपलाच कार्यक्रम केला तर त्या दिवसाची सगळी बातमी आपली, आणि बघणारे मोबाइलवर बघतातच. म्हणजे पहिलं काम, बातमीचं, इंटरनेटनं नेलं. दुसरं, तुलनेचं, अर्धं नेलं. तिसरं काम तेवढं उरलं. पण मोठ्या प्रदर्शनांनी ते आधीच पातळ करून टाकलं होतं, कारण सगळा पैसा आणि सगळं लक्ष पडद्यामागच्या गाडीवर होतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भागानं जमण्याचे दोन वेगळे प्रकार पाहिले आहेत. एक म्हणजे प्रदर्शन. ते वरून येतं. १८६५ च्या डिसेंबरात नागपूरला सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. सर रिचर्ड टेंपल तेव्हा चीफ कमिशनर होते. प्रांतात काय पिकतं, काय बनतं, हे मांडून दाखवायची ती सरकारी रीत. दुसरा प्रकार जत्रेचा. ती खालून उगवते. चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा, वैनगंगेकाठी मार्कंड्याची महाशिवरात्र, चिमूरची घोडायात्रा. इथं कुणी काही ‘मांडत’ नाही. देव असतो, नवस असतो, आणि त्याच्या आधारानं बाजार बसतो.

शंकरपट या दोन्हींच्या मधला आहे. त्यात देखावाही आहे आणि जत्राही. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानाचा पट्टा. दिवाळी झाली, धान कापून झालं, की मोकळ्या बांध्यांत पट भरायचे. हलकी छकडी, तिला जुंपलेली जोडी, वर हाकणारा धुरकरी. सरळ धावपट्टी, आणि सगळा निकाल काही सेकंदांत. बघायला अख्खी पंचक्रोशी.

पटाचं काम काय होतं? आपण ज्याला आज वाहन म्हणतो ते इथं बैल होतं. रोवणीच्या आधीची चिखलणी त्याच्यावर, बंडी त्याच्यावर, जंगलातलं लाकूड ओढणं त्याच्यावर, लेकीला सासरी पोचवणारी रेंगीही त्याच्यावर. या भागाची कठाणी ही गुरांची जात अंगानं लहान, पण चिखलाच्या बांधीत न दमता चालणारी. आता तिची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. कुणाकडे कसली जोडी आहे, कुणी कशी जोपासली आहे, हे पटावर सगळ्यांदेखत कळायचं. जिंकलेल्या जोडीचा भाव चढायचा. इथं दिव्याखाली उभं करून भागत नसे. पॅरिसच्या १८९८ च्या त्या अटीसारखंच, जे दाखवायचं ते आधी धावलं पाहिजे.

पण पटाला जाणारा प्रत्येक माणूस बैल घ्यायला जात नव्हता, आणि आपल्या विषयाची खरी किल्ली इथं आहे. पट नाहीतर मंडई म्हटली, की त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येणार, सोयरे येणार, मुलगी दाखवायची बोलणी होणार, उसने पैसे फिटणार. लांबून आलेला माणूस रात्री परत कसा जाणार? मग रात्री नाटक. दंडार, खडी गंमत अशा जुन्या प्रकारांच्या सोबतीनं झाडीपट्टीची रंगभूमी या मुक्कामाच्या रात्रींवर वाढली. रात्रभर चालणारं नाटक, तिकीट काढून बघणारे हजारो लोक, आणि नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्याचं जुनं रेल्वे स्टेशन तेवढं एकच, आणि नाटक ठरवायला गावोगावची माणसंही तिथंच येतात. याच रंगभूमीच्या सेवेबद्दल गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

आता पटावर दोन घाव पडले. पहिला हळूहळू पडला, तो ट्रॅक्टरचा. चिखलणी ट्रॅक्टरनं होऊ लागली, गोठ्यातली जोडी कमी झाली. तो ट्रॅक्टर गडचिरोलीच्या शेतकऱ्यानं दिल्लीच्या प्रदर्शनात पाहिला नव्हता. शेजाऱ्याच्या शेतात चालताना पाहिला होता. हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरा घाव एकदम पडला, तो कायद्याचा. २०११ च्या जुलैत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं ज्या प्राण्यांचं प्रदर्शन करता येणार नाही त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. कायद्याच्या लेखी पट हे ‘प्रदर्शन’ होतं, आणि बैल हा प्रदर्शनासाठी वापरलेला प्राणी. या मागचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तुतारी टोचणं, शेपटी पिरगळणं हे होत होतं, आपण सगळ्यांनी ते पाहिलं आहे. महाराष्ट्रानं २०१७ ला कायद्यात दुरुस्ती केली, पण ती उच्च न्यायालयात अडली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतराला मर्यादा आहे, इजा करायला बंदी आहे.

२०१४ ते २०२१ म्हणजे साडेसात वर्षं. बैलाच्या कामाच्या उमेदीचा मोठा भाग त्यात जातो. पटासाठी गोऱ्हा वाढवायचा तर तो उतरवणार कुठं? अनेकांनी जोपासना सोडली. हे नुकसान मोजदादीत येत नाही, पण ते झालं.

आणि तरीही एक गोष्ट झाली, ती जिनिव्हाला झाली नाही. पट गेला, पण माणसं जमायची थांबली नाहीत. मंडई भरत राहिली. पाहुणे येत राहिले. नाटकं होत राहिली. मंडळ्यांना ओढाताण झाली, करोनानं तर त्यांचा अख्खा हंगाम बुडाला, पण वडसा बंद पडलं नाही. जिनिव्हातून गाड्या उठल्या आणि मागं रिकामी दालनं उरली. इथं बैल उठले आणि मागं गाव उरलं. कारण गावाला बैल हे येण्याचं निमित्त होतं, एकमेव कारण नव्हतं.

म्हणून ‘मोटार प्रदर्शनांना आता अर्थ आहे का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. चीनमध्ये शांघाय आणि बीजिंगची प्रदर्शनं आजही जोरात आहेत, कारण तिथं नव्या कंपन्यांची झुंबड आहे आणि गिऱ्हाइकाला अजून निवड करायची आहे. तिथं तुलनेचं काम जिवंत आहे. इंग्लंडमध्ये गुडवुडला १९९३ पासून दर उन्हाळ्यात गाड्या टेकडीच्या रस्त्यावर पळवून दाखवतात. लोक सहकुटुंब येतात, गवतावर बसून बघतात, आणि ज्या कंपन्या मोठ्या प्रदर्शनांना जात नाहीत त्यांतल्या काही तिथं जातात. तो एका अर्थानं साहेबांचा पटच आहे. आपल्या दिल्लीतही २०२५ च्या जानेवारीत एक्स्पो भारत मंडपमला परतला, वाहन उद्योगाच्या मोठ्या मेळ्याचा भाग होऊन. तो नुसता पडदा ओढण्याचा कार्यक्रम राहतो, की सुटे भाग करणाऱ्या लहान कारखानदारालाही कामाची भेट मिळवून देतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरेल.

आपल्या पटानंही यातून सावध व्हावं असं आम्हाला वाटतं. पट परत आला आहे, आनंद आहे. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यतींत आता मोटारसायकली, ट्रॅक्टर, चारचाकी गाड्या बक्षीस असतात. ज्या ट्रॅक्टरनं बैलाला शेतातून काढलं, तोच बैलाला बक्षीस! बक्षीस मोठं झालं की शर्यतीपुरताच पाळलेला महागडा बैल येतो, आणि चिखलणीची जोडी घेऊन येणारा धानउत्पादक कडेला उभा राहून बघतो. मग पटाचंही जिनिव्हा व्हायला वेळ लागणार नाही. थोड्या बड्यांचा खेळ झाला, की ते बडे ज्या वर्षी येणार नाहीत त्या वर्षी मैदान रिकामं.

ते टाळायचं तर गावाच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत. घरच्या शेतात राबणाऱ्या जोडीसाठी वेगळा गट ठेवावा. कठाणीसारख्या इथल्या जातीला मान द्यावा. टोचणाऱ्याला गावानंच मैदानाबाहेर काढावं, पोलिसांची वाट पाहू नये. आणि रात्रीचं नाटक, दारातले पाहुणे यांना पटाच्या बरोबरीचं समजावं. पट बंद होता त्या साडेसात वर्षांत मैदान त्यांनीच राखलं होतं.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे. इथं बसलेल्यांपैकी अनेकांनी पट आमच्यापेक्षा जवळून पाहिला आहे, तेव्हा आता तुम्ही बोला.